क्लबवरची निष्ठा आणि मॅनेजरवरची टीका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील अनेक गावांमध्ये युरोपातील फुटबॉल रात्री जागून पाहणारी मंडळी आहेत. आवडत्या क्लबचा पराभव झाला की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर आणि मोबाइलवरच्या गटांत वाद सुरू होतो: मॅनेजरला, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, पाठिंबा द्यायचा की त्याला काढण्याची मागणी करायची? या वादातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत प्रश्न घेतले असून अवघड आणि अपवादात्मक बाबी नंतर येतात. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागू होत असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मॅनेजरवर टीका केली म्हणजे क्लबवरची निष्ठा कमी झाली, असे समजायचे का?

नाही. मॅनेजर बदलले तरी जी टिकून राहते ती क्लबवरची निष्ठा होय. 2013 च्या मे महिन्यात ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यानंतर मँचेस्टर युनायटेडने डेव्हिड मोयेस, लुई व्हान हाल, जोझे मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्सक्यार, एरिक टेन हाग आणि रुबेन अमोरिम यांच्याकडे एकापाठोपाठ एक संघ सोपवला. यांपैकी प्रत्येकाशी एकनिष्ठ राहायचे ठरवले असते, तर चाहत्याला दर दोन-तीन वर्षांनी आपलेच जुने मत खोडून काढावे लागले असते.

मॅनेजरला आपण निष्ठा देणे लागत नाही, न्याय मात्र देणे लागतो. टीका त्याच्या हातात असलेल्या निर्णयावर असावी, तो निर्णय आपण स्वतः पाहिलेला किंवा नीट समजून घेतलेला असावा आणि संघ जिंकला तरी तेच माप कायम राहावे. बचावपटूंना फार पुढे उभे करण्याचा डाव पराभवानंतर चुकीचा वाटत असेल, तर त्याच डावावर मिळालेल्या विजयानंतरही ती शंका बोलून दाखवता आली पाहिजे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे.

2. मॅनेजरच्या हातात नेमके काय असते?

संघाची निवड, खेळण्याची पद्धत, रोजचा सराव, सामन्याच्या मध्यात करायचे बदल आणि खेळाडूंशी असलेले संबंध या गोष्टी त्याच्या हातात असतात. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, 2022-23 पासून प्रत्येक सामन्यात 5 बदली खेळाडू उतरवता येतात, त्यामुळे बदल उशिरा केल्याची तक्रार आता पूर्वीपेक्षा अधिक वजनदार ठरते.

खेळाडूंच्या खरेदीचे चित्र वेगळे आहे. फर्ग्युसन किंवा आर्सेनलचे आर्सेन वेंगर यांच्या काळात मॅनेजरचा शब्द बहुधा निर्णायक असे. आज बहुतेक मोठ्या क्लबांमध्ये क्रीडा संचालक, खेळाडू हेरणारा विभाग आणि मालक मिळून खरेदी ठरवतात. म्हणून “हा स्ट्रायकर कशाला घेतला?” हा प्रश्न एकट्या मॅनेजरला विचारणे सहसा अन्यायाचे असते. त्यानेच जाहीरपणे एखाद्या खेळाडूचा आग्रह धरला असेल, तर गोष्ट वेगळी. दुखापतींच्या बाबतीतही असाच भेद करावा लागतो. एखाद्याचा पाय मुरगळणे हा योग असतो, पण एकाच हंगामात अनेकांचे स्नायू दुखावले गेले तर सरावाच्या ताणाविषयी प्रश्न विचारणे योग्यच आहे.

3. नव्या मॅनेजरला किती काळ द्यावा?

या प्रश्नावर फर्ग्युसन यांचे उदाहरण हमखास दिले जाते. ते नोव्हेंबर 1986 मध्ये आले, पहिला चषक 1990 चा एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) होता आणि पहिले लीग विजेतेपद 1992-93 च्या हंगामात मिळाले. हे सर्व खरे आहे. तरीही हे उदाहरण फार सहजपणे वापरले जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेळ मिळूनही ज्यांच्याकडून काहीच उभे राहिले नाही, अशा मॅनेजरांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. फर्ग्युसन थांबले आणि जिंकले, एवढ्यावरून थांबणारा प्रत्येक जण जिंकेल असे सिद्ध होत नाही.

वर्षे मोजण्यापेक्षा वाढीची चिन्हे पाहावीत. वरुड-मोर्शीकडचा शेतकरी संत्र्याचे कलम लावल्यावर दुसऱ्याच वर्षी फळ मागत नाही, पण म्हणून तो बागेकडे पाठही फिरवत नाही. नवती फुटली का, पाने पिवळी पडली का, खोडाला डिंक्या लागला का, हे तो नियमित पाहतो. आर्सेनलमध्ये मिकेल आर्टेटा डिसेंबर 2019 मध्ये आले. पहिल्या वर्षी एफए कप मिळाला, पण 2019-20 आणि 2020-21 या दोन्ही हंगामांत संघ आठवा राहिला आणि 2021-22 चे पहिले तिन्ही सामने हरला. त्या वेळी त्यांना काढा म्हणणारे पुष्कळ होते. मात्र त्याच उन्हाळ्यात क्लबने विकत घेतलेले सहाही खेळाडू 23 वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, म्हणजे उभारणीची दिशा लक्ष देऊन पाहणाऱ्याला दिसत होती. त्या हंगामाअखेर संघ पाचवा आला आणि पुढचे सलग तीन हंगाम दुसरा राहिला.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. दोन वर्षांनंतरही संघ कसा खेळू पाहतो हे सांगता येत नसेल, तरुण खेळाडू होते तेथेच असतील आणि त्याच प्रकारचे गोल पुन्हा पुन्हा खावे लागत असतील, तर “थांबा” म्हणण्याला काही आधार उरत नाही.

4. अपेक्षा कशावरून ठरवाव्यात, क्लबच्या इतिहासावरून की आजच्या संघावरून?

आजच्या साधनांवरून. खेळाडूंच्या पगारावर क्लब किती खर्च करतो आणि टेबलात, म्हणजे गुणतालिकेत, तो कुठे राहतो, यांचा संबंध अनेक हंगामांच्या सरासरीत बराच घट्ट दिसतो. 2015-16 मध्ये लेस्टर सिटीने क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाताखाली लीग जिंकली, तेव्हा हंगामापूर्वी सट्टेबाजांचा भाव 5000 ला 1 होता. अपवाद किती मोठा होता, हे त्यावरूनच कळते. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी 2017 मध्ये, रानिएरी यांना काढण्यात आले. लेस्टर तेव्हा खालच्या दर्जाच्या लीगमध्ये जाण्याच्या धोक्यात होता आणि क्लबने तेच कारण मानले. आमच्या मते चाहत्यांची त्या वर्षीची मूळ अपेक्षा लीगमध्ये टिकून राहण्याचीच असायला हवी होती आणि त्या मापानेही संघ कमी पडत होता, हे मान्य करावे लागते.

याच मापाने 2024-25 चा हंगाम पाहावा. मँचेस्टर युनायटेड 42 गुणांसह पंधराव्या स्थानावर राहिला. इतका खर्च करणाऱ्या क्लबसाठी हे अपयश होते आणि त्यावरची कठोर टीका रास्त होती. त्याच हंगामात क्रिस्टल पॅलेस टेबलाच्या मध्यावरच राहिला, पण ऑलिव्हर ग्लासनर यांच्या संघाने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. क्लबच्या इतिहासातील तो पहिला मोठा चषक ठरला.

अपेक्षा कशा वाढतात, हे आपल्याला विदर्भाच्या रणजी संघावरून चांगले ठाऊक आहे. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना विदर्भाने 2017-18 मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. त्याआधी अंतिम फेरी हेच मोठे स्वप्न होते. 2024 च्या मार्चमध्ये मात्र वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामना हरल्यावर आपल्याकडे हळहळ व्यक्त झाली. ही वाढ चुकीची नाही, कारण ती संघाने स्वतः कमावलेली होती आणि 2024-25 मध्ये तिसरे विजेतेपद मिळवून संघाने तिला उत्तरही दिले. तीस वर्षांपूर्वीच्या चषकांवर उभी असलेली अपेक्षा आणि मागील दोन हंगामांनी निर्माण केलेली अपेक्षा यांत हाच फरक आहे.

5. आम्ही त्या स्टेडियममध्ये कधी पाऊलही ठेवलेले नाही. मग आम्हाला टीका करण्याचा अधिकार आहे का?

आहे. चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे, बरेचसे सामने हिवाळ्यात आपल्या वेळेनुसार रात्री दीड वाजता सुरू होतात. सकाळी कापूस वेचायला किंवा तालुक्याच्या कॉलेजात जायचे असताना जो माणूस ते पाहतो, ओलिताची पाळी रात्रीची असेल तर धुऱ्यावर बसून मोबाइलवर पाहतो, त्याची आस्था खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. “प्लास्टिक फॅन”, म्हणजे दिखाऊ चाहता, हा शब्द आपसांत वापरू नये, असा आमचा आग्रह आहे.

मात्र दूर असण्याच्या काही मर्यादा मान्य कराव्या लागतात. टीव्हीचा कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूच्या मागे असतो. चेंडू पलीकडे असताना डाव्या बगलेचा बचावपटू कुठे उभा होता आणि मध्यभागी किती मोकळी जागा सुटली होती, हे मैदानात बसलेल्याला दिसते आणि आपल्याला बहुधा दिसत नाही. त्यामुळे संघाच्या रचनेविषयी बोलताना आपला सूर थोडा सावध असावा. दुसरे असे की, तिकिटांचे दर, सामन्यांच्या वेळा आणि स्टेडियमच्या परिसरातील बदल हे तेथील लोकांच्या रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत. त्यांवर आपण आधी ऐकावे आणि मग बोलावे. तेथील चाहते मैदानातच निषेध करतात, तेव्हा टीव्हीवर सामना पाहण्यात व्यत्यय आला म्हणून त्यांना दूषणे देणे बरोबर नाही.

6. सामना पाहिला नसेल, फक्त निकाल कळला असेल, तर मत मांडावे का?

निकालाविषयी दुःख जरूर व्यक्त करावे. मॅनेजरविषयीचा निवाडा मात्र किमान संपूर्ण सामन्याचे पुनःप्रक्षेपण पाहिल्यावरच द्यावा. पाच मिनिटांच्या क्षणचित्रांत फक्त गोल आणि हुकलेल्या संधी असतात, संघ उरलेला वेळ कसा खेळला हे त्यांत दिसत नाही. ‘एक्सजी’चा आकडा, म्हणजे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून काढलेली अपेक्षित गोलसंख्या, हा पूरक पुरावा आहे. एकाच सामन्याच्या एक्सजीवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. दहा-बारा सामन्यांचा कल मात्र काही सांगू शकतो.

7. मॅनेजर काढल्यावर संघ लगेच जिंकू लागतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. मग लवकर काढणेच बरे नाही का?

ही सुधारणा बऱ्याचदा खरी दिसते, पण तिचे श्रेय नव्या माणसाला पूर्णपणे देता येत नाही. मॅनेजरला सहसा सर्वात वाईट काळाच्या तळाशी काढले जाते. त्या काळात दुखापती, हुकलेल्या संधी आणि दुर्दैव हे सारे एकत्र आलेले असते, म्हणून काहीही बदलले नाही तरी पुढचे काही सामने थोडे बरे जाण्याची शक्यता असतेच.

याचे बोलके उदाहरण सोल्सक्यार यांचे आहे. डिसेंबर 2018 मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये हंगामी, म्हणजे तात्पुरते, मॅनेजर म्हणून आल्यावर त्यांनी सर्व स्पर्धांतील पहिले आठही सामने जिंकले आणि मार्च 2019 मध्ये त्यांची कायम नेमणूक झाली. त्यानंतर संघाची घसरण झाली. हंगामाचा शेवटचा सामना तर आधीच खालच्या दर्जात गेलेल्या कार्डिफ सिटीकडून घरच्या मैदानावर 2-0 असा गमवावा लागला. म्हणून हंगामी मॅनेजरविषयी मत बनवताना पहिल्या महिन्याला फार महत्त्व देऊ नये. प्रश्न 3 मधील वाढीची चिन्हे त्यालाही लावावीत.

8. चषक जिंकून दिलेल्या मॅनेजरला काढणे हा अन्याय नव्हे का?

प्रत्येक वेळी नाही. 2025 च्या मे महिन्यात अँज पोस्टेकोग्लू यांच्या टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगच्या खालोखालची युरोपीय स्पर्धा) जिंकली. 2008 नंतरचा तो क्लबचा पहिला चषक होता. तरीही लीगमध्ये संघ सतरावा, म्हणजे खाली जाणाऱ्या तीन संघांच्या लगेच वर राहिला होता आणि सुमारे दोन आठवड्यांत पोस्टेकोग्लू यांना काढण्यात आले. 38 सामन्यांचा पुरावा आणि एका रात्रीचा आनंद या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चाहत्याने त्या माणसाचे मनापासून आभार मानावेत आणि क्लबचा निर्णयही समजून घ्यावा, यात कोणताही विरोधाभास नाही.

पद्धतीवर मात्र टीका जरूर करावी. 2016 मध्ये व्हान हाल यांनी मँचेस्टर युनायटेडला एफए कप जिंकून दिला, त्याच रात्री त्यांच्या हकालपट्टीच्या बातम्या पसरल्या. काम संपवायचे असेल, तरी माणसाला मान देऊन निरोप देता येतो आणि क्लबकडून तेवढी अपेक्षा आपण ठेवलीच पाहिजे.

9. प्रतिस्पर्धी क्लबचा जुना मॅनेजर आपल्याकडे आला आणि तो मनातून पटतच नसेल, तर काय करावे?

आवडणे सक्तीचे नाही. राफा बेनिटेझ लिव्हरपूलचे माजी मॅनेजर होते. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये चेल्सीने, त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेल्या रोबेर्टो डी माटेओ यांना काढून बेनिटेझ यांना हंगामी म्हणून आणले, तेव्हा चाहत्यांनी त्यांना उघड विरोध केला. हंगाम संपला तेव्हा चेल्सीने युरोपा लीग जिंकली होती आणि लीगमध्ये तिसरे स्थान मिळवले होते. चाहत्यांना ते तरीही आपले वाटले नाहीत आणि त्यात गैर काही नव्हते. गैर तेव्हा होते, जेव्हा नावडत्या माणसाचे चांगले काम नाकारण्यासाठी आपण आपल्याच संघाच्या पराभवाची वाट पाहू लागतो.

10. खरा दोष मालकांचा असेल, तर मॅनेजरला कसे मोजावे?

आधी दोष योग्य ठिकाणी मांडावा. 2023-24 मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे एकूण 8 गुण कापले गेले. टेबलात 40 गुण दिसत असले, तरी शॉन डाइश यांच्या संघाने मैदानावर 48 गुण मिळवले होते. मॅनेजरचे काम मोजताना 48 हाच आकडा धरला पाहिजे.

आपल्या देशातही हे दिसते. केरळा ब्लास्टर्सने इंडियन सुपर लीगचे तीन अंतिम सामने गमावले आहेत. 2024 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या गटाने थेट व्यवस्थापनाविरुद्ध निषेध पुकारला आणि त्याच महिन्यात क्लबने प्रशिक्षक मिकाएल स्टाहरे यांना दूर केले. रोख व्यवस्थापनावर होता, किंमत प्रशिक्षकाने मोजली. असे घडते तेव्हा चाहत्यांनी समाधान मानून गप्प बसू नये.

मालकांवरचा राग व्यर्थ जातो, असेही समजू नये. 2021 च्या एप्रिलमध्ये 12 क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडमधील चाहते रस्त्यावर उतरले आणि दोनच दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले. जर्मनीत तर बहुतेक क्लबांमध्ये मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडेच ठेवण्याचा नियम आहे.

11. टीका कुठे थांबली पाहिजे?

माणसाचा रंग, जात, धर्म, देश आणि कुटुंब येथे ती सुरूच होता कामा नये. 2021 मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना मोबाइलवरून वर्णद्वेषी शिव्या देण्यात आल्या. असे संदेश जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पाठवता येतात, आपल्या गावातूनही, आणि म्हणून ही जबाबदारी आपलीही आहे. ज्या गावांत जातीवरून बोलल्या गेलेल्या एका शब्दाने घराघरांत कायमचे अंतर पडलेले आपण पाहिले आहे, तेथे हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. गटात कोणी असे लिहिले, तर तो कितीही जुना मित्र असला तरी ते तेथेच थांबवावे.

12. एकाच क्लबचे आम्ही मित्र, पण मॅनेजरवरून गटात दोन तट पडले आहेत. काय करावे?

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपली अपेक्षा लिहून ठेवावी: टेबलात कोणते स्थान चालेल, कोणत्या तरुण खेळाडूला संधी मिळायला हवी आणि कोणती गोष्ट घडली तर आपण मॅनेजर बदलण्याची मागणी करू. जानेवारीत ती यादी उघडावी. बहुतेक भांडणे मॅनेजरवरून नसतात, प्रत्येकाने मनात धरलेले माप वेगळे असते आणि ते कोणी सांगितलेले नसते. लिहिलेले माप समोर असले की पराभवानंतर ते सोयीने खाली-वर करता येत नाही. माप ठरवताना प्रश्न 4 उपयोगी पडेल.

13. आवडता मॅनेजर दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्याच्यामागे जाणे चुकीचे आहे का?

चुकीचे नाही. एखाद्याच्या पद्धतीवर प्रेम असू शकते. फक्त मग जुन्या क्लबच्या चाहत्यांपुढे निष्ठेवर व्याख्यान देऊ नये.

14. भारतीय संघाच्या प्रशिक्षकालाही हेच नियम लागू होतात का?

बरेचसे होतात, पण राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू विकत घेता येत नाहीत आणि सरावासाठी फार थोडे दिवस मिळतात. 2024 च्या जूनमध्ये कतारकडून 2-1 असा पराभव होऊन विश्वचषक पात्रतेचा मार्ग बंद झाला आणि इगोर स्टिमॅच यांना काढण्यात आले. कतारचा एक गोल चेंडू मैदानाबाहेर गेल्यानंतर झालेला होता, ही बाब त्या सामन्याविषयी बोलताना विसरू नये. त्याच वेळी, पात्रता केवळ त्या एका गोलाने हुकली असेही म्हणता येत नाही, कारण त्याआधी कोलकात्यात कुवेतविरुद्ध गोल करता आला नव्हता.

2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. त्यांनी 2016-17 मध्ये मिझोरमच्या आयझॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग ही तेव्हाची देशातील सर्वोच्च लीग जिंकून दिली होती, त्यामुळे आशा मोठ्या होत्या. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरल्यावर आशिया चषकाची पात्रता हुकली आणि त्याच तोंडांनी राजीनामा मागितला. दीड महिन्यात एखादा प्रशिक्षक थोर आणि नालायक दोन्ही ठरू शकत नाही. आपल्या देशात मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षी किती सामने खेळायला मिळतात, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि तो प्रशिक्षकाला विचारण्याचा नाही.

15. आमच्या गावच्या संघाच्या प्रशिक्षकालाही याच मापाने मोजावे का?

मुळीच नाही. हा प्रश्न सर्वात कमी वेळा विचारला जातो आणि आम्हाला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. गावातील प्रशिक्षक म्हणजे बहुधा शाळेतील क्रीडा शिक्षक किंवा पूर्वी तालुक्याच्या संघातून खेळलेला एखादा दादा असतो. त्याला मानधन मिळत नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, म्हणून तो पहाटे मुलांना मैदानावर बोलावतो, पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुततात म्हणून मुरमाड जागा शोधतो आणि चेंडूची हवा भरण्यापासून तालुक्याला जाणाऱ्या जीपच्या भाड्यापर्यंत सगळे स्वतः पाहतो. त्याच्यावर रेषेबाहेरून ओरडणारे पालक आणि थोरले भाऊ आदल्या रात्री टीव्हीवर ऐकलेलीच भाषा वापरतात.

येथे यश मोजण्याचे माप वेगळे आहे. नागपूरमध्ये विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले, त्यातून पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. मुले मैदानावर येत राहतात का, वाईट मार्गांपासून दूर राहतात का, हा त्या कामाचा गाभा होता. गावच्या प्रशिक्षकालाही हेच विचारावे: यंदा किती मुले टिकली, मुली खेळायला येतात का, कच्च्या मुलाला सामन्यात उतरायला मिळते का? सूचना करायची असेल तर सामना संपल्यावर, मुले घरी गेल्यावर, बाजूला घेऊन करावी.

याला अपवाद एकच. प्रशिक्षक मुलांना मारत असेल, घाणेरडे बोलत असेल, दुखापत झालेल्या मुलाला खेळवत असेल किंवा भर दुपारच्या उन्हात पळवत असेल, तर संयम दाखवू नये. त्या बाबतीत मुख्याध्यापकांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी आणि चौकशी होईपर्यंत मुलांना सरावाला पाठवू नये.